माफ असलेले दिवस

माझी सून अफशीन लग्न होऊन घरात आली, त्याच आठवड्यात मी तिची दोन मापं घेऊन ठेवली होती. एक भुकेचं आणि एक झोपेचं. दोन्ही मोठी निघाली. दुपारचं जेवण झालं की ती जिथं असेल तिथं कलंडायची. एकदा तर हातात सुई तशीच, मांडीवर अर्धा शिवलेला ब्लाऊज, आणि बाईसाहेब भिंतीला टेकून गाढ, तोंड उघडं. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, "पळसदेवची माणसं ही. धरणाच्या पाण्याकडं बघत बघत झोपायची सवय हाय त्यांना." गल्ली हसली. अफशीनही हसली. ती हसली म्हणून मी ते पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले.

बाकी तिच्यात काढायला खोट नव्हती, आणि मी शोधली नव्हती असं नाही.

इंदापुरात आमचं घर म्हणजे पुढं अफशीनचं शिलाईचं दुकान आणि मागं आम्ही. आमचे हे, इस्माईल, मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर बसतात. मुलगा अफजल डाळिंब-पेरूचा टेम्पो घेऊन पुण्याला जातो, त्यामुळं घरी असला की पाहुण्यासारखा असतो. चहा मागतानासुद्धा लाजतो. आणि नात अल्फिया, चौथीत. तिच्या पायांना अल्लानं चाकं लावून पाठवलंय. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हुशार आहे, पण बाकावर टिकत नाही. एक ओळ लिहिते आणि खिडकीतून बाहेर जाते. म्हणजे मनानं. एकदा खरीच गेली होती.

मग बारामतीच्या डॉक्टरबाई झाल्या. त्यांनी पोरीला दोन-चार वेळा बोलावून, खेळवून, शाळेतून माहिती मागवून गोळी सुरू केली. मी समोरच बसले होते. बाई म्हणाल्या, "ही गोळी फक्त हिची. दुसऱ्या कुणी घ्यायची नाही. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. हिची भूक थोडी कमी होईल, झोप उशिरा येईल, ते मला सांगत राहा."

गोळीनं काम केलं. अल्फिया बसून गृहपाठ करायला लागली. डबा मात्र भरलेला परत यायला लागला. शाळेत बाईंना आनंद, इकडं माझ्या पोळीचा अपमान.

हे सगळं आधीच्या वर्षीचं. मी सांगतेय ती गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यात सुरू झाली, लग्नसराईत.

त्या हिवाळ्यात अफशीन बदलली. दुपारी झोपेना. आधी मला वाटलं, कामाचा ताण. पण ताण असला की माणूस कुरकुरतं, ही कुरकुरत नव्हती. सकाळी मशिनवर बसली की उठायची नाही. नवरीचे शरारे, जरीचे काठ, टिकल्यांचं काम. आधी जे करायला तिला आठवडा लागायचा, ते आता वेळेआधी तयार. दुकान झाडलेलं, कपाटं लावलेली, मसाल्याच्या डब्यांना नावं चिकटवलेली. माझ्या स्वयंपाकघरात माझ्या डब्यांना! मी हळद ओळखत नाही का?

तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी गल्लीत नवं सांगणं सुरू केलं, "आमची अफशीन आता झोपत न्हाय बरं का. धरण आटलं वाटतं." गल्ली पुन्हा हसली. आमच्या ह्यांनी तर तिच्यासाठी नवी मशिन आणली. मागितली नव्हती.

मग रमजान आला. कलिंगडांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागले आणि आमच्या गल्लीचं घड्याळ उलटं फिरायला लागलं. अफशीन सगळ्यांच्या आधी जागी. इतकी, की पहिल्या काही दिवसांतच गल्लीनं मोबाइलचे गजर लावायचं सोडलं. सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, हीच दारं वाजवायची. दिवसभर उन्हात ज्या बायका ओल्या फडक्यासारख्या पडून असायच्या, त्या बघायच्या तर ही मशिनवर ताठ. ओठ कोरडे, पण हात चालू. संध्याकाळी रोजा सोडताना आम्ही खजुरावर तुटून पडायचो; ही एक खजूर घेऊन ती चघळत भज्यांचं ताट दुसऱ्यांकडं सरकवायची.

समोरच्या घरातली नसरीन तिचा शरारा शिवायला टाकून गेली होती. मापाच्या निमित्तानं रोज यायची. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाची, एक विचारू? अफशीन कोणता वजीफा पढते?"

"म्हंजे?"

"म्हंजे, काहीतरी दुवा पढत असंल ना. नुसता रोजा धरून कुणाच्या तोंडावर एवढा उजेड येतो व्हय? मी दुपारी चुलीजवळ चक्कर येऊन पडते. ती बघा की."

मी म्हणाले, "विचारते तिला." विचारलंही. अफशीन मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "काय न्हाय अम्मी, झोप येत न्हाय एवढंच." मी ते नसरीनला सांगितलं नाही. सांगितलं की, अगं, ही नेकी लपवणारी आहे. नसरीनची श्रद्धा दुप्पट झाली.

आता इथं बायकांची एक गोष्ट सांगायला हवी, पुरुषांनी वाचली तरी चालेल, त्यांना माहीत असतेच. महिन्यातले जे दिवस बाईला नमाज नसते, त्या दिवसांत तिला रोजाही नसतो. माफ असतो. माफ म्हणजे सोडून दिलेला नव्हे. नंतर कधीतरी वर्षात तेवढे रोजे धरून भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. पण घरात सासरा, दीर, नवरा रोजा धरून असताना त्यांच्या समोर ताट घेऊन कोण बसणार? म्हणून बाई गुपचूप स्वयंपाकघरात खाते, आणि घर काही दिसलं नाही असं वागतं.

आमच्या घरात हा सोहळा असायचा. माझे ते दिवस कधीच संपलेत, त्यामुळं माझा रोजा चालू, आणि अफशीनचा माफ. दर रमजानला ती वेळ आली की मी तिच्या माहेरून चिलापी मागवायची. तिच्या माहेराशेजारच्या फुलाबाई वांगी-टोमॅटो घेऊन इंदापूरच्या बाजाराला येतात, त्यांच्याकडं अफशीनची आई मासे पाठवते. दुपारी मी दाराला आतून कडी घालायची, मासा तळायची आणि दाराला पाठ लावून बसायची, पहाऱ्याला. अफशीन खाली फतकल मारून खायची. काय खायची! बोटं चाटायची, काट्यांचा ढीग रचायची, आणि मला चिडवायची.

"अम्मी, वास घेतला तर रोजा तुटतो का हो?"

"तुझं खाणं बघून तुटंल. गप खा."

बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज यायचा, "अगं, माशाचा वास कुठनं येतोय?"

"शेजारनं!"

"शेजारी तर माळकऱ्याचं घर हाय."

अफशीनच्या नाकातून हसू फुटायचं, तोंडात घास असायचा, मी तिच्या पाठीत धपाटा घालायची. एवढंच. पण अकरा महिने मी त्या दुपारची वाट बघायची, आणि हे मी तिला कधी कळू दिलेलं नाही.

त्या रमजानला तिनं जानमाज घडी करून फडताळात ठेवली. नमाजाची चटई घडी झाली की सासूला कॅलेंडर बघावं लागत नाही. मी वाट बघितली. पहिल्या दिवशी ती आत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी प्यायची, तेवढंच. जेवण नाही.

मी हिशेबी बाई आहे. सवाबाचा, म्हणजे पुण्याचाही हिशेब ठेवते. रोजा धरला तर सवाब; माफ असताना उपाशी राहिलं तर तो रोजाच नव्हे, त्याचं वर काहीच जमा होत नाही. मग ज्याचा मोबदला अल्लाही देत नाही, ती उपासमार ही कशासाठी करतेय?

तिसऱ्या दिवशी मी फुलाबाईंकडून मासे घेतले. फुलाबाई म्हणाल्या, "पोरगी बरी हाय न्हवं? तिची आय इचारत होती. फोनवर लय भराभरा बोलती म्हणं हल्ली."

"काम हाय ईदचं," मी म्हणाले.

मासे तळले, कडी घातली, दाराला पाठ लावली आणि हाक मारली. ती कडी काढायला लावून आत आली. खाली बसली. मी नीट बघितलं तर मनगटातल्या बांगड्या पार कोपराकडं सरकत होत्या. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तो या गालातून त्या गालात फिरवत राहिली, जसं लहान पोर नको असलेलं औषध फिरवतं.

"गिळ की."

"जात न्हाय अम्मी."

"रोजा माफ हाय तुला."

"माहीत हाय."

"मग उपाशी कुणासाठी?"

तेवढ्यात अल्फियानं दारावर लाथ घातली, शाळेतून आली होती. दार उघडलं तर दप्तर एकीकडं, चप्पल दुसरीकडं, आणि ती थेट माशावर. आईच्या ताटातला, कढईतला, सगळा. काटे थुंकत, बडबडत, एका जागी न बसता, ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत खाल्ला. गेले काही आठवडे तिचा डबाही असाच चाटूनपुसून परत येत होता. मला आनंद झाला होता. मी म्हणत होते, औषध अंगी लागलं. बाईंचा शाळेतून पुन्हा फोन आला होता, पोरगी पहिल्यासारखी उड्या मारतेय म्हणून. ते मी उन्हाच्या नावावर टाकलं होतं.

मी लेकीकडं बघितलं, मग आईकडं. घरात भूक तेवढीच होती. झोपही तेवढीच. फक्त आईची लेकीकडं गेली होती, आणि लेकीला जे शांत करत होतं ते आईकडं आलं होतं.

अल्फियाला मी बाहेर पाठवलं. कडी घातली.

"अफशीन, गोळी कोण खातंय?"

तिनं तोंडातला घास हातावर काढला, पदराच्या टोकात बांधला. सांडू नये म्हणून. मग म्हणाली, "मी."

मी खाली तिच्यासमोर बसले. ती बोलायला लागली तशी थांबेना.

"थंडीत त्या नवरीचा घागरा हुता बघा. डोळे मिटत हुते. वाटलं, पोरीचं एवढं चित्त लागतंय, एकच घेऊन बघू. अम्मी, माझ्या डोक्यात दिवसभर धा बायका बोलत असत्यात. हे राहिलं, ते राहिलं, उठ की, सुस्त कुठली. त्या सगळ्या गप झाल्या. सुई दिसायला लागली. नुसती सुई. त्या दिवशी संध्याकाळी तुमी गल्लीत काय म्हणला ठाव हाय?"

मला ठाऊक होतं.

"आमची अफशीन आता झोपत न्हाय, असं म्हणला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा मला वाटलं मी या घरात पुरी पडले."

मी ओट्याकडं बघत राहिले. ओट्यावर तिनं नावं चिकटवलेले डबे होते. हळद. जिरं. धने.

"मग?"

"मग ते तसं परत झालंच न्हाय. एकानं होईना म्हणून दुसरी. आता सहेरीला घेते, रोजा सोडल्यावर घेते. छाती धडधडती. त्या पहिल्या दिवसासारखी सकाळ येतच न्हाय, पण न्हाय घेतली तर हात उचलत न्हाय. डोकं नुसतं चिखल. मागल्या महिन्यात पाकीट हरवलं म्हणून डॉक्टरबाईंना खोटं सांगितलं."

"आन पोरीला?"

हे विचारताना मला उत्तर नको होतं.

"कधी अर्धी," ती म्हणाली. "कधी ताकदीची गोळी देते, तसलीच दिसती. तिला वाटतं, तीच हाय."

मला राग आला. पण तो कुणाच्या नावावर टाकायचा ते समजेना. मी हात पुढं केला. तिनं दुकानातल्या बटणांच्या डब्यातून पाकीट आणून दिलं. दिलं, पण डोळे पाकिटाच्या मागं मागं माझ्या हातापर्यंत आले. अफजलचा टेम्पो कोपऱ्यावर वळतो, तोवर मी दारात उभी राहून जशी बघते, तशी ती बघत होती.

"ईद होऊ द्या अम्मी," ती म्हणाली. "निम्मी गल्ली माझ्याकडं कपडे टाकून बसलीय. लेकरांचे कपडे हायत. ईद झाली की सोडते. तुमची शपथ."

दुकानात दोरीवर कपडे लटकत होते. फ्रॉक, कुर्ते, नसरीनचा शरारा. मी बघितले. खरं सांगायचं तर थोडा वेळ मला तिचं म्हणणं पटलंसुद्धा. ईद काय, आता आलीच.

मग मी म्हणाले, "उद्या बारामती."

गोळ्या मी गव्हाच्या पिंपात, तळाशी खुपसल्या. सहेरीला दारं वाजली नाहीत. मी उठून बघितलं तर स्वयंपाकघरात गहू पसरलेला, आणि अफशीन गुडघ्यावर, पिंपात खांद्यापर्यंत हात घालून. ज्या हाताला जरीचा टाका कधी चुकला नाही, तो हात गहू उपसत होता.

"एकच अम्मी," ती म्हणाली. "बारामतीला जायला तरी बळ पाहिजे ना."

मी तिच्याशेजारी गव्हातच बसले. आमचे हे उठून दारात आले, बघितलं. परत गेले आणि त्यांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी स्वतः चहा टाकला. वाईट होता.

एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली. उसाचे ट्रॅक्टर, पेट्रोल पंप, कसलीच जाग नाही. खांदा अवघडला तरी मी हलले नाही. मला वाटलं, ही झोप आमची जुनी असेल. नव्हती. ती दगडाची होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "अल्फिया कशी आहे?" अफशीन पदराचं टोक चाळत बसली. माझ्या तोंडात अख्खी हकिगत तयार होती, पहिल्या नवरीच्या घागऱ्यापासून. पण मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मला एवढं जड काही गेलं नसेल. शेवटी अफशीन म्हणाली, "बाई, तिची गोळी मी खाते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. किती दिवसांपासून?" आणि मग जे विचारलं ते सगळं झोप, भूक, छाती, मन यांच्याबद्दल. नीतीबद्दल एक अक्षर नाही. रक्तदाब बघितला. त्यांच्याच ओळखीच्या मोठ्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. मला म्हणाल्या, "आजी, हा आळस नाही आणि लबाडीही नाही. आजार आहे. जे डोकं आतून तयार करतं, ते रोज बाहेरून मिळालं की डोकं तयार करायचं विसरतं. परत शिकेल. पण तोवर सगळं बेचव लागेल, आणि गोळीची आठवण येत राहील. तेव्हा हिला एकटं सोडू नका. अल्फियाची गोळी तुमच्या हातानं द्या, आणि कुलपात ठेवा."

घरी आल्यावर अफशीन झोपली ती झोपलीच. खायला उठवलं की खायची, तोंड भिंतीकडं करून पुन्हा पडायची. दोरीवर कपडे तसेच.

संध्याकाळी नसरीन आली. "चाची, माझा शरारा?"

"बेतलाय, शिवला न्हाय. दुसरीकडं टाक."

"आता दुसरीकडं कोण घेणार? अन अफशीन कुठाय?"

"आजारी हाय. रोजा माफ हाय तिला."

"काय झालं?"

माझ्याकडं दोन-तीन चांगल्या थापा तयार होत्या. कावीळ तर अगदी जिभेवर होती. तेवढ्यात पडद्यामागून अफशीनचा आवाज आला. मला वाटलं होतं, झोपलीय. "सांगा अम्मी. ती बिचारी वजीफा समजून बसलीय."

मी सांगितलं. नसरीन उभी होती ती खाली बसली. मला तिच्या तोंडावर उद्या गल्लीत काय काय फिरणार ते वाचायचं होतं; मी त्यासाठीच टक लावून होते. ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला कुणी दाखवली असती तर मी पण खाल्ली असती, चाची."

जाताना लेकरांच्या कपड्यांचा गठ्ठा ती उचलून घेऊन गेली. तिच्याकडं जुनी पायमशिन आहे. त्या ईदला गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कुर्ते एका बाजूनं आखूड होते. कुणी बोललं नाही. माझ्या आवडीचा विषय होता तो, तरी मीही नाही.

अफशीनचं खरं दुखणं ईदनंतर दिसलं. जेवायची, पण भूक लागली म्हणून नाही, ताट पुढं आलं म्हणून. झोपायची, पण झोप आली म्हणून नाही. अफजलनं गाडीच्या फेऱ्या कमी केल्या, तिच्याशेजारी बसून राहायचा; काय बोलावं कळायचं नाही म्हणून पेरूचे भाव सांगायचा. ती ऐकायची. अल्फिया आपली गोळी माझ्या हातातून घ्यायची, शाळेत बसायची, आणि डबा पुन्हा भरलेला आणायची. या वेळी मला त्या पोळीचा राग आला नाही.

मे महिन्यात मी अफशीनला पळसदेवला घेऊन गेले. धरणाचं पाणी उतरलं होतं, पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ वर आलं होतं, शहरातली पोरं गाड्या लावून फोटो काढत होती. आम्ही तिच्या बापाच्या होडीजवळ सावलीत बसलो.

"अम्मी," ती म्हणाली, "तुमाला सांगू का? मला अजून त्या सकाळची आठवण येती. सगळ्या बायका गप झालेल्या. नुसती सुई. एवढी आठवण तर मला सासरी असताना माहेरची येत न्हाय."

ती सकाळ माझ्याकडं नव्हती.

"मला पण एक आठवण येती," मी म्हणाले.

"कशाची?"

"तू भिंतीला टेकून झोपायचीस त्याची. मेल्यासारखी. तोंड उघडं टाकून."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी चेष्टा करतेय का, हे तपासत होती. मग म्हणाली, "तुमी तर नावं ठेवायचात."

"ठेवायचे की. आवडत्या गोष्टीलाच ठेवते मी."

ती पाण्याकडं बघत राहिली. ओठाचा एक कोपरा हलला, पण मी त्याला हसू म्हणून धरलं नाही.

पावसाळ्यात एकदा तिनं अल्फियाच्या तळहातावरची गोळी काढून घेतली. तासाभरानं स्वतःच माझ्याकडं आली, रडत सांगितलं, आणि आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांगायला आलात, हे मोठं आहे. मला तेव्हा ते मोठं वाटलं नव्हतं. येताना एसटीत तिनं खिडकीची जागा मला दिली.

हळूहळू मशिन पुन्हा वाजायला लागली. थोडी वाजायची, थांबायची. नवरीचे कपडे ती घेत नाही आता. गल्लीचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश. एक टाका उसवला तर सुस्कारा टाकते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या सुटून पडल्या, तिनं परत लावल्या नाहीत.

राहिलेले रोजे बाकी होते. आमच्याकडच्या बायका कजाचे रोजे हिवाळ्यात काढतात. दिवस लहान असतो, ऊन नसतं. अल्लाच्या हिशेबात उन्हाळ्याचा रोजा हिवाळ्यात चालतो, यावर माझी फार श्रद्धा आहे. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर डिसेंबरात अफशीन म्हणाली, "अम्मी, एक धरून बघू?"

"बघ. न्हाय झालं तर सोड."

आम्ही दोघींनी धरला. मला धरायची गरज नव्हती. सोबत म्हणून धरला.

सकाळ गेली. फुलाबाई भाजी देऊन गेल्या, मासेही देऊन गेल्या, संध्याकाळसाठी. दुपारी मशिन थांबली. मी स्वयंपाकघरात माशाला हळद-मीठ लावत होते. दारात सावली पडली. अफशीन चौकटीला टेकून उभी होती, एक हात पोटावर.

"अम्मी."

"काय गं?"

"लय भूक लागली."

माझा हात माशावर तसाच राहिला. मी वळले नाही. वळले असते तर तिला माझं तोंड दिसलं असतं.

"मगरीबला, दिवस बुडायला अजून लय वेळ हाय," मी म्हणाले.

"माहीत हाय. नुसतं सांगायला आले."

"बरं, सांग."

"पोटात नुसता खड्डा पडलाय. मासा खाणार मी. आणि ज्वारीची भाकरी. आणि तो वाटणाचा रस्सा. आणि कालचा भात राहिलाय का हो? तो पण. नसरीनकडची जिलबी. आणि..."

"सोडायच्या आधी सगळं बोलून संपवू नगंस."

ती खाली बसली, जिथं बसायची तिथंच, फतकल मारून, भिंतीला टेकून. काय काय खाणार ते सांगत राहिली. मधेच वांग्यापाशी वाक्य थांबलं. मी पाट्यावरचं वाटण आवरलं, हात धुतले आणि मग बघितलं. ती झोपली होती. मान एका बाजूला, तोंड उघडं.

बाहेरून आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, माशाचा वास कुठनं येतोय?"

मी दाराला पाठ लावून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेजारनं."

अजान होईपर्यंत मी तिला उठवलं नाही. आणि गल्लीत कुणाला सांगितलंही नाही.